तह एक, कागद चार घरांत

१६७७ साली शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले होते. जिंजीचा किल्ला हाती आला होता. त्या मुलखाच्या किनाऱ्यावर, देवनामपट्टणम आणि पोर्टो नोव्हो या भागात, डच ईस्ट इंडिया कंपनी वखारी टाकून बसलेली होती. धनी बदलला की जुना परवाना चालत नाही, नवा घ्यावा लागतो. म्हणून डचांचे वकील कौल मागायला महाराजांकडे गेले. त्यांत हर्बर्ट दे यागर नावाचा एक गृहस्थ होता. हा नुसता तागडीवाला नव्हे. लायडनच्या विद्यापीठात अरबी-फारसी शिकून आलेला, भाषांचं वेड असलेला माणूस.

कौल मिळाला. व्यापाराला अभय मिळालं. पण त्यात एक कलम डचांना टोचेल असं होतं. आशय असा: आधीच्या अमलात तुम्ही इथून बायाबापड्यांना आणि पुरुषांना गुलाम म्हणून विकत घेत होतात आणि जहाजांतून बाहेर नेत होतात, या मुलखावर माझा अंमल आहे तोवर ते करता येणार नाही. या कोरोमंडल किनाऱ्यावरून बटाव्हिया (आजचं जकार्ता) आणि सिंहलद्वीपला गुलाम नेणं हा त्या काळी कंपनीच्या धंद्याचा भाग होता, तेव्हा हे कलम शोभेचं नव्हतं.

हे कलम आता आपल्याकडे भाषणांत येतं, मोबाइलवरून फिरतं. ते फिरवणाऱ्याला विचारा, की बाबा, हे कागदावर कुठे आहे? बहुतेक जण म्हणतील, असेल कुठल्यातरी बखरीत. बखरीत नाही. आपल्याला ते वाचायला मिळतं ते डच भाषेत. कंपनीच्या कारकुनांनी कौलाचं भाषांतर करून आपल्या दप्तरात नोंदवलं, ते कागद हॉलंडला पोचले, आणि विसाव्या शतकात कंपनीचे आशियातले सगळे तहनामे एकत्र छापण्याचं काम हेरेस आणि स्टापेल या दोन डच अभ्यासकांनी केलं, त्या ‘कॉर्पस डिप्लोमॅटिकम’च्या खंडांत ते छापून आलं. तिथून ते पुण्यात. म्हणजे जिंजीच्या परिसरात उच्चारलेला शब्द जग फिरून, दोन भाषा ओलांडून, अडीचशे वर्षांनी मराठी वाचकाच्या घरी आला.

एका प्रदेशाचा राजनय आणि व्यापार अभ्यासायला वेगवेगळ्या देशांतल्या विद्वानांनी एकत्र का यावं लागतं, हा प्रश्न कुणी विचारला तर मी हे कलम दाखवतो. ‘आंतरराष्ट्रीय शैक्षणिक सहकार्य’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतात सामंजस्य करार, फुलांचे गुच्छ आणि दोन कुलगुरूंचा हस्तांदोलनाचा फोटो. तेही असतं. पण मूळ गरज फार साधी आहे. आपल्या घरच्या गोष्टीचे कागद दुसऱ्याच्या घरात आहेत, आणि दुसऱ्याकडच्या कागदाचा अर्थ आपल्या घरात आहे.

हे नीट कळायला सतराव्या शतकातला कोकण किनारा डोळ्यांसमोर आणा. मुंबईत इंग्रज. वसईला, चौलला पोर्तुगीज. जंजिऱ्याला सिद्दी. राजापूरला इंग्रजांची वखार, वेंगुर्ल्याला डचांची. गोव्यात पोर्तुगीजांची राजधानी. घाटावर आदिलशाही, आणि या सगळ्यांच्या मधून वर येत असलेलं मराठ्यांचं राज्य. प्रत्येकाचं प्रत्येकाशी काहीतरी चालू. आज भांडण, उद्या तह, परवा मिठाच्या किंवा मिरीच्या गलबतावरून पुन्हा तंटा.

आता हे सगळे लिहीत होते, पण लिहिलेलं ठेवायची प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

पोर्तुगीजांचं गोव्याचं दप्तरखानं १५९५ मध्ये सुरू झालं. दियोगु दु कोतु हा इतिहासकार त्याचा पहिला रक्षक. राजाकडून येणारी आणि राजाला जाणारी पत्रं मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या जहाजांतून जात, म्हणून त्यांच्या बांधलेल्या पुस्तकांना नावच पडलं ‘मोसमाची पुस्तकं’. एक पावसाळा संपला की पत्रांची एक थप्पी. यातले साठेक खंड अठराव्या शतकात लिस्बनला नेले गेले. बाकीचे पणजीत राहिले. एकाच मालिकेचा एक तुकडा मांडवीच्या काठी आणि दुसरा तेजू नदीच्या काठी.

डच कंपनी १६०२ ते १७९९ अशी जवळजवळ दोनशे वर्षं चालली, आणि तिला प्रती काढायची विलक्षण हौस होती. वखारीनं बटाव्हियाला लिहायचं, बटाव्हियानं त्याच्या प्रती काढून मायदेशी पाठवायच्या. त्यामुळे वेंगुर्ल्याच्या वखारीत बसून एखाद्या डच कारभाऱ्यानं लिहिलेला बातमीचा कागद आज हेगच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात सापडतो. तिथे कंपनीच्या कागदांच्या फळ्याच सव्वा किलोमीटरच्या आसपास भरतात. नेदरलँड्स, इंडोनेशिया, श्रीलंका, दक्षिण आफ्रिका आणि भारत (आपल्याकडचा साठा चेन्नईत) मिळून या कंपनीची सुमारे अडीच कोटी पानं शिल्लक आहेत. २००३ मध्ये युनेस्कोनं त्यांची जागतिक स्मृतीच्या यादीत नोंद केली, तीही या पाच देशांतला साठा एक धरून.

इंग्रजांचे कागद लंडनला. आणि मराठ्यांचे? पेशवाईचे कागद पुण्याच्या पुरालेखागारात रुमालांत बांधलेले हजारोंनी आहेत, मोडीत. रुमाल म्हणजे खरोखरच कापडाचा चौकोन, त्यात गुंडाळलेली कागदांची बोचकी. पण शिवकाळातलं मध्यवर्ती दप्तर म्हणावं असं फारसं उरलं नाही. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला, त्यात काय काय गेलं याचा हिशेब कुणाकडे नाही. त्यामुळे ज्या राजाबद्दल आपण सगळ्यात जास्त बोलतो, त्याची परराष्ट्रनीती आपल्याला बऱ्याचदा परराष्ट्राच्याच तोंडून ऐकावी लागते.

यात तोटा आहे, पण मजाही आहे. १६७४ चं उदाहरण घेऊ. राज्याभिषेकाच्या सुमारास मुंबईहून हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला. कामं दोन: नजराणा द्यायचा आणि तह पुरा करायचा. इंग्रजांचं जुनं दुखणं होतं राजापूरचं. तिथल्या गोऱ्यांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या बाजूनं तोफा डागल्या होत्या, म्हणून १६६१ मध्ये महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि त्यांना कैद केलं. ती नुकसानभरपाई इंग्रज वर्षानुवर्षं मागत होते.

पण तहाच्या वाटाघाटीत खरी झकास चकमक झाली ती दोन वेगळ्याच कलमांवर. एक नाण्याचं. इंग्रज म्हणाले, आमचं मुंबईचं नाणं तुमच्या मुलखात चालावं. ऑक्झिंडेनच्या वृत्तांतात उत्तर नोंदवलंय त्याचा मथितार्थ असा: कुठलंही नाणं चालायला मी बंदी करत नाही, पण ज्यात रयतेला तोटा होईल असं नाणं घ्या म्हणून मी जबरदस्तीही करणार नाही. तुमचं नाणं वजनाला आणि कसाला मोगलांच्या नाण्याइतकं असेल तर चालेल की आपोआप! आजच्या अर्थशास्त्राच्या मास्तरांनाही आवडावं असं उत्तर. नाण्याची किंमत हुकमानं ठरत नाही, धातूवर आणि बाजारावर ठरते, एवढं ते साधं आहे.

दुसरं कलम फुटक्या जहाजांचं. वादळात जहाज किनाऱ्यावर आपटलं, तर ते आणि त्यातला माल आमचा आम्हाला परत मिळावा, ही इंग्रजांची मागणी. त्यावर मराठ्यांच्या बाजूनं उत्तर गेलं, की हे कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे. किनाऱ्याला लागलेलं जहाज परत करायची इथे चाल नाही, आणि तुम्हाला ही सवलत दिली तर उद्या फ्रेंच येतील, परवा डच येतील, तेही तेच मागतील. एकाला दिलेली सवलत दुसरा आपोआप मागतो, ही आजच्या व्यापार करारांतही रोजची डोकेदुखी आहे. रायगडावर ती १६७४ मध्ये ओळखलेली होती.

याच वृत्तांतात एका म्हाताऱ्या खाटकाचा किस्सा आहे. इंग्रज वकील गडावर मुक्कामाला असताना रोज अर्धा बोकड खात. गडावर कुणी एवढं मांस खात नसावं. तेव्हा हे असले गिऱ्हाईक आहेत तरी कोण, हे डोळ्यांनी पाहायला तो म्हातारा खाटीक तो अख्खा गड चढून आला. तहाचा इतिहास शिकवताना मी हा खाटीक कधी गाळत नाही.

आता अडचण पाहा. नाण्याबद्दलचं ते सुंदर उत्तर आपल्याकडे आहे ते इंग्रजांच्या लेखी. बोलणं झालं महाराजांकडच्या निराजीपंतांच्या मार्फत. इंग्रजांच्या बाजूनं दुभाषा होता नारायण शेणवी. म्हणजे मूळ वाक्य मराठीत उच्चारलं गेलं, शेणव्यानं ते उलगडून सांगितलं, ऑक्झिंडेननं इंग्रजीत उतरवलं, आणि आज आपण ते पुन्हा मराठीत आणतोय. ‘रयतेला तोटा’ हा शब्दप्रयोग निराजीपंतांचा की नारायण शेणव्याचा की ऑक्झिंडेनचा? फक्त इंग्रजी येणाऱ्याला हा प्रश्न पडणारच नाही. फक्त मराठी येणाऱ्याला त्या वृत्तांतापर्यंत पोचताच येणार नाही. दोघं एका टेबलाशी बसले तरच काहीतरी हाती लागेल.

शेणव्यांचा, म्हणजे गोव्या-कोकणातल्या सारस्वतांचा, विषय निघालाच आहे तर थोडा थांबतो, कारण माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा तिथे आहे. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पिसुर्ले नावाचं गाव आहे. तिथल्या पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर या माणसानं (जन्म १८९४) गोव्याचं दप्तरखानं पालथं घातलं आणि अनेक वर्षं सांभाळलं. त्यांनी १९५२ मध्ये एक ग्रंथ पोर्तुगीज भाषेत काढला, विषय होता भारतातल्या पोर्तुगीज राजनयाचे हस्तक. म्हणजे वकील, दुभाषे, निरोपे. त्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ज्यू आहेत, पारशी आहेत. आणि त्यांत शेणवी मंडळी ठिकठिकाणी भेटतात. पोर्तुगीजांच्या वतीनं महाराजांकडे बोलणी करायला गेलेला रामोजी शेणवी कोठारी. महाराजांच्या वतीनं गोव्यात असलेला पीतांबर शेणवी. इंग्रजांकडून रायगडाला जाणारा नारायण शेणवी. तीन दरबार, तीन झेंडे, आणि बोलणारे एकाच समाजातले, कदाचित एकाच देवाला नारळ ठेवणारे.

हे ध्यानात आलं की पोर्तुगीज-मराठे तह ही गोरे विरुद्ध देशी अशी सरळ रेघ राहत नाही. बैठकीच्या दोन्ही अंगांना कोकणी-मराठीच बोलली जात असणार. लिहिताना मात्र एकाचं पोर्तुगीज झालं, दुसऱ्याचं मोडी. लिस्बनमध्ये बसून ‘रामोजी सिनाय कोतारी’ असं वाचणाऱ्याला हे एक चमत्कारिक नाव दिसतं. आपल्याकडचा वाचक पटकन म्हणतो, अरे, सिनाय म्हणजे शेणवी! या एका ‘अरे’साठी परदेशी विद्यापीठांनी खर्च करावा, असं मला मनापासून वाटतं.

पिसुर्लेकरांची परिस्थितीही पाहण्यासारखी होती. ते राहात होते पोर्तुगीज राजवटीत. त्यांचे वाचक आणि मित्र पुण्यात आणि कलकत्त्यात, म्हणजे आधी इंग्रजी राजवटीत आणि नंतर स्वतंत्र भारतात. मधे सरहद्द. सहकार्य चाललं ते टपालानं. सुरेंद्रनाथ सेन यांच्यासारखा बंगाली अभ्यासक मराठ्यांवर लिहिताना पोर्तुगीज कागदांकडे वळला. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळकृष्ण यांनी आपल्या शिवचरित्रासाठी डच कागद मिळवले. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानं १९३१ मध्ये इंग्रजी कागद एका ठिकाणी छापले. सामंजस्य करार वगैरे कुठे नाही. शाई, तिकिटं आणि चिकाटी. पिसुर्लेकरांचं ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ मराठीत पुणे विद्यापीठानं काढलं तोवर १९६७ साल उजाडलं होतं. आणखी दोन वर्षांनी ते गेले.

मधल्या काळात खुद्द राजनयानंच राजनयाच्या अभ्यासाची वाट अडवली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध १९५५ मध्येच तुटले होते, आणि पोर्तुगालनं ही मुक्तीही मान्य केली नाही. एकाच पत्रमालिकेचे दोन तुकडे आता दोन अबोला धरलेल्या देशांत. लिस्बनमध्ये १९७४ च्या एप्रिलमध्ये क्रांती झाली, त्याच वर्षाच्या शेवटी पोर्तुगालनं भारताशी करार करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं, आणि अवघ्या चार वर्षांत, १९७८ मध्ये, गोव्यात भारत-पोर्तुगीज इतिहासाचा पहिला आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला. पुढाकार जॉन कुरैया-अफोन्सु या जेझुइट इतिहासकाराचा. दुसरा परिसंवाद लिस्बनला, १९८० मध्ये. पुढे तो कधी इकडे कधी तिकडे असा भरत राहिला. दोन देशांच्या वकिलाती जे हळूहळू करतात ते अभ्यासकांनी एका चहाच्या सुट्टीत केलं असेल, असं मला नेहमी वाटतं. असो.

डचांच्या बाजूला याहून शिस्तीचा प्रयोग झाला. लायडन विद्यापीठानं विसावं शतक संपता संपता एक कार्यक्रम आखला, त्याचं लघुनाव ‘टानाप’. लेओनार्ड ब्लुसे हे त्यामागचे मुख्य अभ्यासक. २००२ मध्ये कंपनीच्या स्थापनेला चारशे वर्षं होणार होती, त्यामुळे पैसे मिळण्याजोगी हवा होती. कल्पना साधी होती पण आधी फारशी कुणी राबवली नव्हती. आशियाचा इतिहास लिहायचा, तर आशियातल्या तरुण अभ्यासकांनाच जुनी डच शिकवा. भारत, श्रीलंका, इंडोनेशिया, थायलंड, व्हिएतनाम, चीन, जपान अशा देशांतून मुलं-मुली आली. आधी भाषा, मग जुनी हस्ताक्षरं, आणि मगच प्रबंध.

हस्ताक्षर हा शब्द मी मुद्दाम म्हणतो. सतराव्या शतकातलं डच लेखन आजच्या डच माणसालाही वाचता येत नाही. अक्षरांना शेपट्या, शब्द तोडलेले, अर्ध्या शब्दावर एक आडवी रेघ आणि बाकीचा तुम्ही ओळखायचा. मोडी शिकलेल्यांना हे ऐकून हसू येईल. हात न उचलता लिहिलेली ओळ, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, ‘रा’ म्हणजे राजमान्य की राजश्री ते संदर्भानं ठरवायचं. म्हणजे दोन्हीकडचा रोग एकच. मोडी उलगडणारा माणूस जुनी डच लवकर पकडेल अशी माझी पैज आहे.

या कार्यक्रमातून आलेल्या कामांनी चित्र बदललं. भारतातून गेलेल्यांनी कण्णूर, कोची, गुजरात असे विषय घेतले. व्हिएतनामी अभ्यासकानं टोंकिनच्या राज्याशी डचांच्या व्यवहारावर लिहिलं: टोंकिनचं रेशीम डच जपानला नेत आणि तिथून चांदी आणत. म्हणजे युरोपचा माल यात जवळपास नव्हताच. आशियातल्या एका बंदरातून उचलायचं आणि आशियातल्याच दुसऱ्या बंदरात विकायचं, हा कंपनीचा मोठा धंदा होता. डच कागद डचांनीच वाचले तोवर ही गोष्ट हिशेबाच्या वहीतली एक ओळ होती. व्हिएतनामच्या बाजूनं वाचली तेव्हा ती दरबारातल्या गटबाजीची, रेशीम कातणाऱ्या गावांची गोष्ट झाली.

तरी एक खटकतंच. ‘टानाप’ या लघुनावाचा पूर्ण अर्थ होतो ‘भागीदारीच्या नव्या युगाकडे’. त्यामागे असा एक विचार होता, की सतरावं-अठरावं शतक हे युरोप आणि आशियाच्या भागीदारीचं युग होतं आणि आता अभ्यासातही तशीच भागीदारी व्हावी. भागीदारी? १६२१ मध्ये याच कंपनीच्या यान पीटरसून कून यानं जायफळासाठी बांदा बेटांवरची माणसं जवळपास संपवली. जी जगली त्यांतली कितीतरी गुलाम म्हणून बटाव्हियाला नेली. कोकणात डच दुबळे होते म्हणून इथे ते कौल मागत फिरले. बांदात जोर होता म्हणून तिथे कौल मागितला नाही. नाव ठेवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण नावाबद्दल आहे.

आणि दुसरी तक्रार, जरा घरची. असल्या प्रकल्पांत पैसा बहुधा ज्याच्याकडे दप्तर आहे त्याच्याकडून येतो. ज्याचा पैसा त्याचा प्रश्न. प्रश्न ठरतो तिकडे, आणि इकडच्या माणसाला सांगितलं जातं, हे चार मोडी कागद वाचून द्या. मीही असे कागद एकदा वाचून दिले आहेत. पंधरा दिवस डोळे फोडले, एका सनदेतला सुहूर सन (जुन्या मराठी कागदांवरची अरबी अंकशब्दांतली वर्षगणना) उलगडला, त्यावर त्या लेखाचा अख्खा कालक्रम उभा राहिला. छापून आलं तेव्हा माझं काम ‘स्थानिक सहाय्य’ या दोन शब्दांत मावलं होतं. संस्था कुठली ते सोडा. तिथे डच वाचणाऱ्याला अभ्यासक म्हणतात आणि मोडी वाचणाऱ्याला मदतनीस, हा हिशेब मला अजून जुळत नाही.

सुहूर सनावरून आठवलं. तारखा हे या सहकार्यातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. पोर्तुगीज आणि हॉलंडचे डच १५८० च्या दशकातच नव्या, ग्रेगरियन पंचांगावर आले. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियनला चिकटून राहिले. सतराव्या शतकात दोघांत दहा दिवसांचं अंतर होतं. भरीला इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून सुरतेच्या वखारीतल्या पत्रावर ‘फेब्रुवारी १६७३’ लिहिलेलं असेल तर ते आपल्या हिशेबानं फेब्रुवारी १६७४. मराठी कागदावर शक, सुहूर सन, हिजरी महिन्याचा चंद्र (म्हणजे दिवस). राज्याभिषेकाची तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. आपण तो ६ जून १६७४ म्हणतो ते इंग्रजांच्या जुन्या पंचांगानं. त्याच दिवशी वेंगुर्ल्याच्या डच कारभाऱ्यानं पत्र लिहिलं असतं तर वर तारीख घातली असती १६ जून. तारीख की तिथी हा वाद आपल्याला नवा नाही, पण इथे दोन तारखांतच वाद आहे. एका बाजूचाच कागद वाचणारा अभ्यासक यात सहज फसतो: डच पत्रातली घटना इंग्रजी पत्राच्या दहा दिवस नंतरची वाटते, आणि मग त्या मधल्या दहा दिवसांत काय शिजलं याचे तर्क लढवले जातात. काहीच शिजलेलं नसतं. एकच दिवस असतो.

शब्दांचंही तसंच. पोर्तुगीज समुद्रावर ‘कार्ताझ’ देत, म्हणजे परवाना. हा कागद जवळ नसलेलं जहाज ते पकडत. कागदावर नाखव्याचं नाव, जहाजाचा आकार, हत्यारं किती, माल कुठला न्यायचा नाही, कुठल्या बंदरात जकात भरायची, सगळं. पुढे कान्होजी आंग्र्यांनी तोच कित्ता गिरवला आणि आपली दस्तकं सुरू केली. दस्तक नसलेलं जहाज तेही पकडू लागले. इंग्रजी कागदांत कान्होजी समुद्री चाचे आहेत, मराठी कागदांत सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख. केलेली गोष्ट तीच. ‘चाचेगिरीचा इतिहास’ असा इंग्रजी विषय घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला मराठी मार्गदर्शक मिळाला तर प्रबंधाचं नावच बदलतं. याउलट, आपल्याकडच्या ‘टोपीकर म्हणजे सगळे एकच’ या सवयीला डच-पोर्तुगीज कागद औषध आहेत. डचांनी वेंगुर्ल्याला १६३७ मध्ये वखार टाकली तीच मुळी गोव्यातल्या पोर्तुगीजांची समुद्रात नाकेबंदी करणाऱ्या आपल्या आरमाराला धान्य-पाणी मिळावं म्हणून. टोपी सारखी असली तरी डोकी वेगळी होती, आणि हे रायगडाला पक्कं ठाऊक होतं.

आता यात यंत्र आलंय. ॲमस्टरडॅमच्या हायगेन्स संस्थेचा ‘ग्लोबलाइज’ नावाचा प्रकल्प डच कंपनीच्या सुमारे पन्नास लाख पानांवर काम करतोय. पानांची छायाचित्रं आधीच होती. आता हस्ताक्षर ओळखणारी संगणकप्रणाली ती वाचून मजकूर टंकते, आणि तो मजकूर जगात कुणालाही घरबसल्या शोधता येतो. ज्या कामाला बाळकृष्णांना नकला करून मागवाव्या लागल्या, ते आता कोल्हापुरात बसून मोबाइलवर. मोडीसाठी अशी यंत्रं अजून रांगतायत, त्यामुळे तराजू पुन्हा एका बाजूला झुकणार हे दिसतंच आहे.

पण यंत्राला नावं कळत नाहीत. त्या पानांत महाराजांचं नाव ‘सेवागी’, ‘सिवागी’, ‘सेवासी’ अशा कितीतरी रूपांत येतं, कारण लिहिणाऱ्यानं ते कानानं टिपलं. वेंगुर्ला ‘विंगुर्ला’ होतं, दाभोळ ‘दाबुल’ होतं. ही मोठी गावं आहेत, ती ओळखू येतात. लहान गावाचं काय? एखाद्या पत्रात ‘कारापाटन’हून बैल भरून माल घाटावर गेला असं असेल, तर यंत्र फार तर ते अक्षर बरोबर वाचेल. ते खारेपाटण आहे, तिथे खाडी संपते, तिथून पुढे गलबत जात नाही म्हणून बैल लागतात आणि वर घाट चढला की कोल्हापूरची वाट, हे सांगायला खारेपाटणच्या बाजूचा कुणीतरी हवा. तो प्राध्यापकच असायला हवा असं नाही. खाडीत होडी घालणारा असला तरी चालेल. फक्त त्याला पान दाखवायला हवं, आणि छापताना त्याचं नाव घालायला हवं.